सुनंदावयनीचो पालो

मी सुनंदावयनीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने एक अख्खी सुरमई शेपटीला धरली होती आणि ती एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या तोंडावर हाणत होती. मालवणच्या मासळीबाजाराला लागून जी गल्ली आहे, तिथे मी त्याच आठवड्यात झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. तो माणूस लिलावातला दलाल. त्याने तिच्या टोपलीला लाथ घातली होती. तिसऱ्या फटक्याला त्याचं नाक फुटलं. चौथा बसायच्या आधी शेपटी तुटून तिच्या हातात राहिली आणि मासा खाली पडला. तिने तो उचलला, बादलीतल्या पाण्यात बुचकळला आणि मघापासून खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "आता कापून दिवू?"

गिऱ्हाइकाने मुकाट्याने मासा घेतला. भावही केला नाही.

टोपलीला लाथ का बसली ते मला हळूहळू कळलं. तिचा नवरा गणू म्हणजे छोट्या होडीवरचा तांडेल, होडी चालवणारा मुख्य माणूस. एका पहाटे बाहेरच्या मोठ्या ट्रॉलरने त्याची जाळी फाडली. गणू त्या ट्रॉलरवर चढला आणि लोखंडी आकडा घेऊन जो पहिला समोर आला त्याच्यावर तुटून पडला. समोर आला तो संदेश नावाचा खलाशी, वेंगुर्ल्याकडचा, रोजंदारीवरचा पोरगा. जाळी फाडण्यात त्याचा काही संबंध नव्हता. त्याचा डावा डोळा गेला. गणू तुरुंगात गेला. ट्रॉलरवाल्यांचे सगेसोयरे लिलावात बसत, त्यांनी सुनंदावयनीला बोली लावू देणं बंद केलं. ती ओरडून भाव सांगायची आणि ते ऐकलंच नाही असं करायचे. तरी ती रोज रिकामी टोपली घेऊन जायची, बंदरावरच्या एखाद्या ओळखीच्या होडीकडून दोन-चार मासे मिळवायची. त्या दिवशी लाथ बसली आणि सुरमई तुटली, त्यानंतर ते मासेही बंद झाले.

माझ्या दुकानावर एक खोली होती. पूर्वी तिथे जाळी ठेवायचे. एक दिवस वयनी जिन्याने वर गेली, खोली बघून आली आणि मला म्हणाली, वर पाणी सांडलं तर तुझी मशीन भिजतली काय? मी म्हटलं, भिजेल. ती म्हणाली, मग वर प्लास्टिक घालतंय. एवढ्यावर आमची ओळख झाली. माझं नाव तिने कधी विचारलं नाही. मी तिच्यासाठी शेवटपर्यंत 'झेरॉक्सवालो'च राहिलो.

खोलीत ती काय करणार होती हे गल्लीत कोणालाच कळत नव्हतं. झालं असं होतं की, तारकर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये ती मासे द्यायची. तिथल्या आचाऱ्याने तिला एक डबी दाखवली. आत बोटाएवढी नाजूक रोपं, जांभळ्या देठांची. मायक्रोग्रीन्स. पाहुण्यांच्या ताटात माशावर पेरायची. गोव्याहून यायची आणि येईतो मान टाकायची. वयनीने एक पान तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाली, ह्या मुळ्याचा रोप मा? आचारी हो म्हणाला. ती घरी आली आणि थर्माकोलच्या बर्फपेटीच्या झाकणात नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याचा, भुसा पसरून तिने मुळ्याचं बी पेरलं.

पहिले चार वाफे बुरशीने खाल्ले. पाचवा उंदराने. तिने उंदराला पकडून जिन्याच्या पायरीवर आपटलं आणि पुन्हा पेरलं. पावसाळ्यात आमच्याकडे चपलेलाही बुरशी येते, तिथे हे कसं टिकायचं. तिने दोन पंखे आणले, पाणी वरून शिंपडायचं सोडून खालच्या ताटात घालायला लागली, म्हणजे पान कोरडं राहतं आणि मूळ पितं. पेरल्यावर पहिले तीन दिवस ती ट्रे एकावर एक रचायची, वर चिऱ्याचा तुकडा ठेवायची आणि सगळं काळ्या फडक्याने झाकायची. एवढ्याशा बियांवर दगड बघून मला कसंतरी व्हायचं. ती म्हणायची, डोक्यार वजन नाय पडला तर मूळ खाली जाणा नाय, नुसता वर वाढता आणि आडवा होता. हे ती कुठे शिकली होती कोण जाणे.

कापायला कात्री तिला चालत नसे. मासे कापायची पातळ सुरी दगडावर घासून घासून तिने वस्तऱ्यासारखी केली होती. डाव्या मुठीत रोपांचा झुबका हलकेच धरायचा आणि सुरी एकदाच फिरवायची. दहाव्या दिवशी सकाळी कापणी, डब्यांत भरणी, जुन्या मासळीच्या पेटीत बर्फावर डबे, पेटी स्कूटरला मागे बांधायची आणि तारकर्ली, देवबाग, कधी धामापूरच्या तळ्याजवळचं एक होम-स्टे. गल्ली तिला हसायची. लोक म्हणायचे, सुनंदा गवत विकता. ती म्हणायची, गवत नाय, पालो. आणि जो दुसऱ्यांदा गवत म्हणेल त्याच्याकडे ती अशी बघायची की तिसऱ्यांदा कोणी म्हणत नसे.

तिचा हात लगेच चालायचा. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, उगाच तिला देवी करायची माझी इच्छा नाही. एकदा कुडाळच्या एका बियाणेवाल्याने तिला बिटाचं बी दिलं. शेतात पेरायच्या बियांना औषध चोळलेलं असतं, गुलाबी रंगाचं. ते बी जमिनीत चालतं, पण जे रोप आठ-दहा दिवसांत माणसाच्या तोंडात जाणार त्याला चालत नाही. तिने तसं बजावून सांगितलं होतं. त्याने औषधाचं बी धुऊन, वाळवून दिलं. रात्रभर भिजत घातलेल्या बियांचं पाणी सकाळी गुलाबी झालं. योगायोगाने त्याच दिवशी तो मालवणला वसुलीला आला होता आणि माझ्या दुकानात कागद काढत उभा होता. वयनी खाली आली. तिने त्याचा जबडा एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने ओलं बी त्याच्या तोंडात कोंबलं आणि तोंड दाबून धरलं. म्हणाली, "गीळ. लोकांच्या पोरांका देवक चलता, मगे तुकाव चलात."

त्याने तिच्या तळहाताला चावा घेतला. तिने तसंच दाबून धरलं. तो निळा पडायला लागला तेव्हा मी तिचा दंड ओढला. तो माझ्या मशीनवर ओकला. तिने फडकं आणून मशीन पुसून दिली आणि हाताला हळद लावली. त्या आठवड्यात तिने आठ रिसॉर्टांना निरोप पाठवला की बीट मिळणार नाही. भिजवलेलं सगळं बी खड्डा करून पुरलं.

गणू तुरुंगातून सुटून आला तेव्हा तिचा जम बसला होता. तो मुळात वाईट माणूस होता असं मला म्हणता येणार नाही. उंच, खांद्यात रुंद, हसला की छान दिसायचा. होडी वकिलापायी विकली गेली होती. बंदरावर कोणी त्याला घेईना. पहिले काही दिवस तो जिन्याच्या पायरीवर बसून विड्या ओढायचा. येणारे-जाणारे विचारायचे, काय गणू, आज गवत कापलंस काय? तो हसायचा. मग हसायचा थांबला.

त्यानंतर वरून आवाज यायला लागले. आधी भांड्याचा, मग माणसाचा. वयनी ओरडत नसे, म्हणून जे काही ऐकू यायचं ते फक्त आदळण्याचं. एकदा तिचा ओठ फाटलेला दिसला, एकदा कान सुजलेला. मी एकदाही वर गेलो नाही. नवरा-बायकोच्या मधे कशाला पडायचं, असं मी माझ्या मनाला सांगायचो आणि मशीन चालू ठेवायचो. मशीनचा आवाज मोठा होता.

ती त्याला का सहन करत होती हे मी एकदा धीर करून विचारलं. तिने मला सांगितलं की, गणूला शिक्षा झाली तेव्हा ती एकटीच वेंगुर्ल्याला संदेशच्या घरी गेली होती. तो बाजेवर पडला होता, अर्ध्या तोंडाला पट्टी. त्याच्या आईने तिला बसायलाही सांगितलं नाही. दारात उभी राहून ती परत आली. तेव्हापासून तिला वाटायचं की त्या घरातलं काहीतरी आपल्या अंगावर यायचं आहे आणि ते गणूच्या हाताने येतंय. मला ते पटलं नाही. पण तसं बोलायला मी कोण होतो.

मग एका सकाळी माझ्या दुकानासमोर आकाशातून सूर्यफुलाची रोपं पडली. एक ट्रे, दोन, पाच, नऊ. एका लग्नाची मागणी होती, त्या दिवशी कापायची होती. गणू खिडकीत उभा राहून एकेक ट्रे खाली फेकत होता. वयनी डबे आणायला गेली होती. ती आली, स्कूटर उभी केली, चिखलात पडलेल्या रोपांकडे पाहिलं. एक झुबका उचलून झटकला, पुन्हा खाली ठेवला. जिन्याने वर गेली. मी आवाजाची वाट बघत होतो, तो या वेळी वेगळा आला. रॅकला आडवी लावायची लोखंडी पट्टी तिने काढली होती आणि गणूच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

दहा मिनिटांनी दोघं खाली आली. तो पांढराफटक, घामाने निथळणारा. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "मीच मोडलंय, मीच जोडून आणतंय." तो तिच्या मागे स्कूटरवर बसला, धड हाताने तिचा खांदा धरून, आणि दोघं हाडाच्या डॉक्टरकडे गेली. त्यानंतर आदळआपट थांबली. गणू गळ्यात हात अडकवून वर पडून असायचा. ती त्याला भरवायची आणि पेरत राहायची.

महिनाभराने, भर दुपारी, एक बारीकसा माणूस माझ्या दुकानात आला. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. एक बाई दाखला घेऊन उभी होती, तर तिला आधी वाट दिली त्याने. मग मला विचारलं, गणू तांडेल हयच रवता मा? मी बोटाने जिना दाखवला. त्याने आभार मानले. मी पुन्हा त्या बाईचा दाखला काचेवर ठेवला.

वर ट्रे पडल्याचा आवाज झाला. मग ट्यूबलाइट फुटल्याचा. मला वाटलं, गणूचा हात बरा झाला वाटतं. हे मी खरं तेच लिहितोय. मी त्या बाईच्या दाखल्याच्या तीन प्रती काढल्या, तिला सुटे पैसे दिले आणि मग कुठे माझ्या डोक्यात त्या वर्तमानपत्राचा आकार आला. मी जिना चढलो.

तो चष्मेवाला, म्हणजे संदेश, खोलीच्या मधोमध उभा होता, हातात कोयता. वयनी त्याच्या समोर, हातभरावर. दोन रॅक आडवे झाले होते. गणू दिसत नव्हता. मागच्या कोपऱ्यात अंधारातले ट्रे काळ्या फडक्याने झाकलेले होते, आणि त्या फडक्याखाली मला दोन पावलं दिसली. वयनीला ती माहीत होती हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळलं.

"तो खंय?" संदेशने विचारलं.

"हय नाय."

"वयनी, तू बाजूक हो. तुझा-माझा काय नाय."

"हय जा काय मोडतलस ता माझा आसा," ती म्हणाली.

त्याने तिला ढकललं. ती पुन्हा तिथेच आली. त्याने रॅकवर घाव घातला, राजगिऱ्याची लाल रोपं उडाली. पुढचा घाव त्याने फडक्याच्या दिशेने उगारला आणि तिने डावा हात मधे घातला. दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. उजव्या हाताने तिने ट्रेवरचा चिऱ्याचा तुकडा उचलला आणि त्याच्या कानाच्या वर मारला. तो बसला, मग आडवा झाला. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि तिने दगड पुन्हा उचलला. त्याचा चष्मा निघाला होता. डाव्या डोळ्याची खाच तिच्या तोंडासमोर होती. तिच्या हातातून रक्त त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडत होतं.

"मार," तो म्हणाला. "घाल दगड. सुटतंय मी."

तिने मारलं नाही. तिचा श्वास मला दारातून ऐकू येत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात फडक्याखालची ती दोन पावलं हलली नाहीत. तिने दगड बाजूला ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रे झेरॉक्सवाल्या, फडको दी."

जवळ दुसरं काहीच नव्हतं. मी ते काळं फडकं ओढलं. मागे गणू उकिडवा बसला होता, गळ्यात अडकवलेला हात छातीशी घेऊन, डोळे मिटून. आम्ही तिघांनी त्याला पाहिलं. ज्याच्यासाठी हा माणूस तीन-चार वर्षं झोपला नसेल तो समोर होता, आणि संदेशने फक्त मान दुसरीकडे वळवली. मी वयनीचा हात बांधला. बोटं मुळ्याच्या रोपांत पडली होती. मी ती तिच्याच डब्यात, तिच्याच बर्फावर घातली. डॉक्टर म्हणाले, गोव्याला नेऊन काही उपयोग होईल असं वाटत नाही. झालाही नाही.

सरकारी दवाखान्यात खाटा कमी होत्या. एका बाजूला वयनी, पलीकडे संदेश डोक्याला टाके घालून, दाराशी पोलीस. संदेशची आई येऊन बसली होती, पदर तोंडात धरून रडत. या खेपेला तिनेच वयनीकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. वयनी म्हणाली, "तुझ्या झिलाक सांग, मारूचा आसात तर माणूस बघून मार. हय मारण्यासारखा कोण नव्हता." आपल्या ताटातली पेज तिने पुढे सरकवली. त्या माऊलीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पुढे खटला उभा राहिला तेव्हा मी साक्षीला होतो. कोर्टात वयनी शुद्ध मराठीत बोलली, पाठ केल्यासारखी. म्हणाली, साहेब, यांनी मला मारलं हे खरं आहे. मीही यांना मारलं, तेही लिहा. आणि यांचा डोळा कसा गेला ते आधी लिहा. संदेशला शिक्षा झाली, वाटलं होतं त्याहून कमी.

गणूला मात्र तिने दवाखान्यातून आल्यावर आठव्या दिवशी घालवलं. मी खाली होतो, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"माका मारलंस, मी तुका मारलंय. ता फिटला. पण माझे हात तुटत होते आणि तू फडक्यामागे बसान होतस. ह्या आता माझ्यान बघवणा नाय."

थोड्या वेळाने गणू पिशवी घेऊन उतरला. माझ्या दुकानासमोर थांबला, मला वाटलं काहीतरी सांगेल. मग बंदराच्या दिशेने गेला. रत्नागिरीकडच्या कुठल्याशा ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला असं ऐकलं.

ती एकटी राहिली. डाव्या हातात रोपांचा झुबका पूर्वीसारखा धरता येईना, करंगळीच्या बाजूने निसटायचा. काही दिवस तिचा कापलेला माल वेडावाकडा जायचा, एका रिसॉर्टने परतही पाठवला. तिने परत आलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, खा, मुळो तिखट झालोसा. मी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटामुळे होतं असं मी म्हणालो. तिने ते चालवून घेतलं. मग ती सुरी डाव्या हातात आणि झुबका उजव्या हातात धरायला शिकली. पावसाळा संपेतो तिची कापणी पुन्हा एका रेषेत यायला लागली. तोवर माझं दुकान सावंतवाडीला हलवायचं मी ठरवलं होतं. निरोप घ्यायला वर गेलो तर ती ट्रेंवर दगड रचत होती. जातस? म्हणाली. मी हो म्हटलं. बरा, म्हणाली.

गेल्या डिसेंबरमध्ये पाहुण्यांना घेऊन मी तारकर्लीला चाललो होतो. रस्ता अरुंद, सुट्टीची गर्दी. पुढे गाड्या थांबल्या म्हणून उतरून पाहायला गेलो. एका मोठ्या पांढऱ्या गाडीने एका स्कूटरला मागून धक्का दिला होता. स्कूटर कडेला आडवी, पेटी उघडी पडलेली, बर्फ रस्त्यावर. आणि सुनंदावयनी उभी राहत होती. कोपर सोलवटलेलं. केस बरेच पांढरे झाले होते. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, गाडीपाशी गेली आणि हेल्मेटने गाडीचा एक दिवा फोडला. मग दुसरा. मग खिडकीतून हात घालून चालवणाऱ्या तरुणाची कॉलर धरली. त्या हाताला तीनच बोटं होती, आणि तो पोरगा त्या बोटांकडे बघत राहिला.

मी पुढे होणार होतो. तेवढ्यात तिने कॉलर सोडली, मागे गेली आणि रस्त्यावर बसून डबे तपासायला लागली. एकेक झाकण उघडून बघत होती. बहुतेक शाबूत होते. बर्फ मात्र गेला होता आणि ऊन चढत होतं. तिने गाडीकडे पाहिलं. मागच्या काचा बंद होत्या, आत थंड हवा चालू असणार. ती उठली, मागचं दार उघडलं, आत बसलेल्या दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ यांच्या मांडीवर सगळे डबे नीट रचले आणि त्यांना शुद्ध मराठीत बजावलं, तिरके करू नका, पानं एका बाजूला जातात. पोराला रिसॉर्टचं नाव सांगितलं.

"थंय पोचव. मी मागसून येतंय."

गाडी फुटलेल्या दिव्यांनी हळूहळू निघाली. आतली माणसं डबे दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. वयनीने स्कूटर उभी केली, वाकडा झालेला आरसा हाताने सरळ केला, आणि त्यांच्या मागे अगदी हातभर अंतर ठेवून देवबागच्या दिशेने गेली. मी तिला हाक मारली होती. हॉर्नच्या गोंगाटात तिला ती ऐकू गेली नाही.